लायनरमामांचा पहिला उतार

ट्रकच्या ब्रेकमध्ये चौतीस वर्षं हात काळे केलेल्या लायनरमामांनी भरलेल्या ट्रकमध्ये बसून एकही मोठा उतार पाहिलेला नव्हता. यार्डात हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, बसवावेत ते मामांनीच, असा लौकिक होता आणि त्यावरूनच नाव पडलं होतं. गाडी फाटकाच्या आत असेपर्यंत मामांची, बाहेर पडली की ड्रायव्हरची, अशी त्यांनी मनाशी वाटणी करून टाकली होती.

त्यांची सूनही त्याच यार्डात ड्रायव्हर होती. लग्नाआधी चार वर्षं ती ट्रक चालवत होती आणि लग्नानंतरही तिने स्टिअरिंग सोडलं नाही. घरी ती सासऱ्यांना मामा म्हणायची, यार्डात तर सगळेच मामा म्हणायचे. त्यामुळे कामात नातं कधी आडवं आलं नव्हतं. आलं ते एका मंगळवारी.

"मामा, मागचं डावं चाक तापतंय," ती गाडीतून उतरता उतरता म्हणाली. "उतार संपला की वास येतो."

"परवाच उघडलंय ते चाक. लायनर नवे, ड्रम साफ. तू ब्रेकवर पाय ठेवून बसत असशील."

शेजारी टायर बघत उभे असलेले दोन ड्रायव्हर एकदम त्या टायरमध्ये फारच रस घेऊ लागले. सुनेच्या कपाळाला आठी पडली, पण आवाज चढला नाही.

"मग उद्या माझ्याबरोबर चला. पाय माझा, डोळे तुमचे."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. घरी मामींनी हे ऐकलं आणि भाजी चिरता चिरता हसल्या. "बरं झालं. स्वतःच्या हातचं कधीतरी स्वतः चाखून बघा."

सकाळी मामा हत्यारांची पेटी घेऊन केबिनमध्ये चढले, तर सून अजून खालीच. तिने गाडीभोवती फेरी मारली, वाकून पाइप पाहिले, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी सोडलं. मग इंजिन चालू करून हवेचा काटा पुरता वर चढेपर्यंत बसून राहिली. ब्रेक दाबून धरला आणि काटा घसरत नाही ना, हे पाहिलं. गाडी चार हात पुढे घेऊन पुन्हा ब्रेक लावला, तेव्हा कुठे फाटक उघडायला सांगितलं.

पाठीवर फरशांचा माल होता. घाटमाथा जवळ आला तसा तिने वेग उतरवला आणि गिअर खाली टाकला.

"अजून उतार दिसतही नाही," मामा म्हणाले.

"उतारावर लागल्यावर गिअर शोधत बसलं आणि पडला नाही, तर गाडी हातची जाते."

उतार सुरू झाला आणि मामांचे दोन्ही पाय आपोआप केबिनच्या तळाला रुतले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढून धरत होतं. वेग वाढला की सून ब्रेक ठाम दाबायची, गाडी पुरेशी हळू झाली की पाय पूर्ण उचलायची. मामा डोळ्यांत तेल घालून बघत होते. पाय ब्रेकवर असण्यापेक्षा ब्रेकबाहेरच जास्त होता. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवून जीव खात होता. तिने रुंद जागा बघून त्याला जाऊ दिलं.

"त्याला घाई आहे, आपल्याला वजन आहे," ती म्हणाली.

निम्म्या उतारावर गाड्या थांबवायला सपाट जागा होती. तिथे ती दर खेपेला थांबत असे. मामा खाली उतरले आणि एकेका चाकाजवळ हात नेत गेले. बाकीची चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकातून मात्र चुलीसारखी धग येत होती.

त्यांनी इतर चाकांना लाकडी ठोकळे लावले, हे चाक निवू दिलं, मग जॅक लावून उघडलं. लायनर लावलेले ब्रेकचे जबडे मागे ओढणारी स्प्रिंग ढिली पडली होती. पाय उचलला तरी लायनर ड्रमला घासतच राहत होते. ती स्प्रिंग मामांनीच परत बसवली होती. नवी कपाटात होती, पण जुनी बरी दिसली होती आणि जेवायची वेळ झाली होती.

मामांनी ती स्प्रिंग सुनेपुढे धरली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुझ्या पायाची नाही."

"पायाची नाही हे मला माहीत होतं," सून म्हणाली. "कशाची ते माहीत नव्हतं."

तेवढ्यात माल मागवणाऱ्याचा फोन आला. सुनेने कुठे अडकलोय ते सांगितलं, तर म्हणाला, "निम्माच उतार राहिलाय ना? हळूहळू या की."

मामांनी फोन मागून घेतला. "मी ब्रेकचा मिस्त्री बोलतोय. चाक उघडं आहे. माझं समाधान झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. उशिराचा राग माझ्यावर काढा."

नव्या स्प्रिंगा यार्डातून दुसऱ्या ट्रकबरोबर यायला तीन तास लागले. दोघांनी गाडीच्या सावलीत डबा खाल्ला. इतकी वर्षं एका घरात राहून ती गाडी चालवायला कुणाकडून शिकली, हे मामांनी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. तिने आपल्या आत्याबद्दल सांगितलं. आत्या वाळूचा ट्रक चालवायची आणि भाचीला गिअर शिकवताना गाणी म्हणायची, तीही बेसूर. मामा पोटभर हसले.

स्प्रिंगा आल्या, तशा त्यांनी मागच्या डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या बदलल्या. चाक हाताने फिरवून पाहिलं. कुठेही घासत नव्हतं. उरलेला उतार त्यांनी मांडी घालून पाहिला. कुठल्या वळणाआधी ती काय करते आणि का, हे विचारत गेले आणि तीही सांगत गेली. पायथ्याशी सगळी चाकं सारखीच कोमट लागली.

"दर महिन्याला एकेका गाडीबरोबर यायचं म्हणतोय," माल उतरत असताना मामा म्हणाले. "टेबलावर सगळेच ब्रेक शहाणे असतात."

"ड्रायव्हर कुरकुर करतील."

"करू देत. डबा मी माझा आणीन."

परतताना गाडी रिकामी होती आणि ऊन कलतं झालं होतं. चढ लागला तेव्हा मामा पेटीवर पाय ठेवून गाढ झोपले होते, घोरतही होते. सुनेने त्यांच्या बाजूची काच थोडी वर घेतली आणि गाडी सावकाश घाट चढू लागली.