कोठीच्या तळाची बाटली

"आई, तू चोरून दारू पितीस का?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या संध्या आणि प्रतिक्षानं लावली होती. दहावीत वर्गप्रमुख झाल्यापासून मी पैजेला नाही म्हणत नसते. आई मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं, परत खाली बघितलं. हातातली जुडी सोडून दुसरी घेतली. तिथंच माझा संशय वाढला.

झालं असं, की नांदेडच्या सोनोग्राफीत आईच्या लिव्हरवर चरबी निघाली. आमच्या बाळापुरात रिपोर्ट वाचून मेडिकलवाला सहज म्हणाला, हे पिणाऱ्यांना होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बाबा काहीतरी निमित्त काढून आईजवळ बसायचे अन् हळूच वास घ्यायचे. आई दिवसा झोपायची, मे महिन्यातही गोधडी घ्यायची. सगळं जुळून राहिलं होतं.

रविवारी ती पाण्याला गेली तशी मी घर धुंडाळलं, शेवटी ज्वारीच्या कोठीत हात घातला. तळाशी बाटली लागली, अर्धी रिकामी. बूच काढून हुंगली, तर औषधाचा गोडसर वास. बाटलीवरच्या कागदावर छापलेलं: अंगावर दूध येण्यासाठी.

वळून बघते तर मागं आई.

"भूषणच्या वेळी थेंबभर दूध उतरलं न्हाई," ती म्हणाली. भूषण, माझा भाऊ, आता दोन वर्षांचा. "रक्त लई गेलं होतं. तवापासून पाळीबी बंद. आता लेकरू मोठं झालं, तरी कधी उतरंल म्हणून घेते; पिताना कुणी बघितलं तर हसतील."

"डॉक्टरला काहून न्हाई सांगितलं?"

"तिथं तुझे बाबाच बोलतात. बाळंतपण बराबर झालं म्हणले."

सोमवारी विज्ञानाच्या मॅडमना गाठलं. त्यांनी नर्स असलेल्या बहिणीचं पुस्तक आणून दाखवलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. बाळंतपणात रक्त फार गेलं तर ती सुकू शकते. मग दूध येत नाही, पाळी थांबते, थंडी वाजते. तिचे हार्मोन कमी पडले की लिव्हरमध्ये चरबी साठू शकते, दारूचा थेंब न घेता. आईला हेच असेल का, ते डॉक्टर तपासून सांगतील, असंही मॅडम म्हणाल्या.

जेवताना मी बाटली बाबांपुढं ठेवली. त्यांनी हुंगली. कागद वाचला. परत हुंगली.

"बाबा, नांदेडला या खेपेला आईसोबत मी आत जाणार," मी म्हणाले. "तुमी बाहेर बाकड्यावर बसा. बाळंतपणाचं आई स्वतः सांगंल. ती लाजली, तर मी सांगीन."