फुकटचा बाक

एका सकाळी नगरपालिकेने गल्लीच्या तोंडाशी बाक आणून ठेवला, वर सावलीला पत्राही ठोकला.

"शहर आनंदी करायचंय, काका," नियोजन खात्याची बाई म्हणाली.

कुलूपवाल्या काकांच्या कपाळावर आठी पडली. जन्मभर कुलपं विकलेल्या माणसाला फुकटचं पचत नाही. "यात काहीतरी काळंबेरं आहे. उद्या रस्ता रुंद करतील, बघच तू!" असं बायकोला बजावून ते दुकान सोडून बाकावर पहाऱ्याला बसले.

एकटा माणूस किती बसणार? मग समोरचा न्हावी आला. गटाराच्या पाण्यावरून दोघांचा जुना अबोला; पण संशय सारखाच, म्हणून जमलं. काकू चहा तिथेच आणू लागल्या, शेजारणी भाजी तिथेच निवडू लागल्या. सगळे मिळून नगरपालिकेवर डोळा ठेवून होते.

महिन्याभराने टेम्पो घेऊन तीच बाई आली. "प्रयोग संपला, काका. बाक पलीकडच्या गल्लीत न्यायचाय."

काकांनी फतकल मारली. "सरका जरा," म्हणत न्हावी खेटून बसला, मागोमाग शेजारणीही.

"बघितलंस?" काका बायकोकडे पाहून गरजले. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, यांच्या पोटात पाप आहे!"