आठव्या दिवशीची थरथर

"थरथरला! थरथरला!"

कामणच्या गोदामांमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे माणसं एकदम ओरडली. मे महिना, दुपारचे बारा. मधोमध उघड्या अंगाचा सुमेध गुडघ्यांवर बसला होता. हात, मान, ओठ, सगळं लटलट कापत होतं. शत्रुघ्न महाराजाने चिंचेची ओली छडी सपकन त्याच्या पाठीवर ओढली. कातडी फाटली, रक्ताची रेघ कमरेपर्यंत उतरली. बायांनी भक्तिभावाने हात जोडले.

"मागच्या रविवारी काय बोललो होतो?" महाराज गरजला. "आठव्या दिवशी थरथरेल! बोललो होतो का नाही?"

"बोलला होतात!"

"ही बाधा खाडीची आहे. खारी आहे. मिठावर पोसते. मीठ तोडलं, तिचं खाणं तुटलं. आता उपाशी मरते, म्हणून नाचते! तारीख सांगून भूत काढणारा दुसरा कोणी असेल तर आणा माझ्यासमोर!"

अहाहा! भूत म्हणावं की एसटीचं वेळापत्रक?

मी रीमा. मनवेलपाड्यात बावीस वर्षं माझं मेडिकल आहे आणि तोंड फटकळ आहे. सुमेधची आई मनोरमा माझी शेजारीण. सुमेधला बायपोलर आजार. कधी आठ-आठ दिवस झोप नाही, डोक्यात हजार बेत, तोंडाला खळ नाही. मग कधी महिनाभर अंथरुणातून उठवत नाही. चार वर्षांपूर्वी डॉ. कॉन्रॅड लोपीस यांनी लिथियमची गोळी सुरू केली आणि पोरगं सावरलं. कामणच्याच एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागलं. तिथल्याच कोणीतरी मनोरमाला ह्या महाराजाचं नाव सांगितलं. "जन्मभर गोळ्या कशाला, मुळापासूनच काढून टाका की!" बस्स, बाई हुरळली.

काल दुकानात मला म्हणाली, "तुझा विश्वास नाही ना? मग उद्या ये आणि डोळ्यांनी बघ." मी आले होते ती भांडायलाच. ह्याने पोराच्या गोळ्या बंद करवल्या असणार, अशी माझी खात्री होती.

"गोळ्या कधीपासून बंद केल्यास?" मी मनोरमाला कोपराने ढोसलं.

"बंद कशाला करू? महाराजांनीच बजावलंय, एकही गोळी चुकवायची नाही म्हणून. उगाच नावं ठेवतेस तू त्यांना."

भूत काढणारा माणूस गोळी चुकवू नका म्हणतो? तेवढ्यात सुमेध भडभडून ओकला. उठायला गेला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांडला. काहीतरी बोलला, पण जीभ इतकी जड की शब्द कळेना. गेल्या महिन्यात हाच माझ्या दुकानात घडाघडा बोलत होता.

"मनोरमा, हा जेवतो काय?"

"अळणी. आठ दिवस मिठाचा कण नाही. पाणीसुद्धा दिवसाला दोनच पेले."

"आणि परवा तू पाठदुखीच्या गोळ्या नेल्यास त्या? तुझ्या पाठीसाठी म्हणालीस ना?"

तिने मान खाली घातली. "त्याच्यासाठी होत्या. बुधवारपासून रोज छडी खातोय गं. कळवळायचा नुसता, म्हणून दिल्या."

किडनीला मीठ आणि लिथियम यांतला फरक नीट कळत नाही. अंगाला मीठ मिळेनासं झालं की ती लिथियमच धरून बसते. गोळी रोज तेवढीच, पण बाहेर पडत नाही, रक्तात साठत जाते. त्यात मेच्या घामाने आणि तोडलेल्या पाण्याने भर घातलेली. त्यावर माझ्या दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या, त्याही लिथियम वाढवतात. मी "कोणासाठी? दुसरं औषध चालू आहे का?" एवढंही न विचारता पाकीट पुढे सरकवलं होतं. बावीस वर्षांची अक्कल गेली कुठे?

छडी परत उठली तशी मी रिंगणात घुसले. छडी माझ्या मनगटावर बसली, हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तरी मी ती धरली आणि सोडली नाही.

"हे भूत नाही, विषबाधा आहे! पोरगं मरेल! टेम्पो काढा कोणीतरी!"

"हिच्यात शिरली! बाधा हिच्यात शिरली!" महाराज किंचाळला. "धरा हिला!"

मग काय, दोन बायांनी माझे केस धरले, कोणीतरी मागून पेकाटात लाथ घातली. तोंडावर आपटले, समोरचा दात तुटला. सुमेधला इतका वेळ धरून ठेवणारा भूपेश नावाचा हमाल माझ्या मानेवर गुडघा ठेवून बसला. तोंडात माती आणि रक्त. तशीच ओरडले, "मारा! पण एकाचं उत्तर द्या! आणखी कोणाकोणाला ह्याने मीठ सोडायला लावलंय? हात वर करा!"

कुतूहल म्हणा, काही म्हणा, तीन हात वर आले. एक भूपेशच्या बायकोचा, पिंकीचा.

"आता ज्यांना गोळीपायी मधूनमधून रक्त तपासायला जावं लागतं, त्यांनीच हात वर ठेवा."

एकही हात खाली आला नाही.

"पहिल्या दिवशी ह्याने काय विचारलं होतं तुम्हांला?"

"हेच," पिंकी चाचरत म्हणाली. "गोळीचं रक्त तपासतात का, म्हणून."

"बाकी एवढी गर्दी आहे. त्यांच्यात कोणाची बाधा खारी नाही? नेमकी ह्या चौघांचीच कशी? अरे, ह्याला भूत दिसत नाही, ह्याला गोळी दिसते! मीठ तोडलं की ही गोळी अंगात साठते आणि माणूस कापायला लागतो. म्हणूनच तर गोळी चुकवू देत नाही!"

मानेवरचा गुडघा सैल झाला. "हिचा आज पाचवा दिस," भूपेश पुटपुटला. "सकाळी हातातलं पानी सांडलं हिच्या." तो उठला, महाराजाकडे चालत गेला आणि त्याच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की महाराज मागच्या खुर्चीसकट उलथला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण मग सगळाच जमाव त्याच्यावर तुटून पडला. चपला, बांबू, हाताला येईल ते. नाक फुटलं, दाढी रक्ताने माखली. मघाशी हात जोडणारी तीच माणसं, आणि विचार तेव्हाही करत नव्हती, आताही नाही.

"सोडा त्याला! पोलिसांना बोलवा! ह्या पोराला आधी उचला!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले.

टेम्पोतच सुमेधला फिट आली. दातखीळ, तोंडाला फेस, डोकं पत्र्यावर आपटतंय. मनोरमाने त्याच्या डोक्याखाली मांडी घातली आणि मी तुटक्या मनगटाने त्याला कुशीवर धरून ठेवलं. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. लिथियम एकाच्या आत असायला हवं, ते जवळजवळ चार निघालं. ताबडतोब डायलिसिसवर घेतलं. पिंकीचं नुकतंच वाढायला लागलं होतं, ती दोन दिवसांत घरी गेली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराज आत गेला तेव्हा कळलं, हा नऊ वर्षं एका नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय होता. हीच गोळी चालू असताना मीठ बंद झालेल्या एका पेशंटला थरथरताना त्याने तिथे पाहिलं होतं. शिकला काय, तर हे!

सुमेध वाचला. पण पाय अजून वेडेवाकडे पडतात, चहाचा कप धरवत नाही. फोर्कलिफ्ट सुटली ती सुटलीच.

"म्हणजे गोळीच वाईट ना?" मनोरमाने डॉक्टरांना विचारलं. "सगळंच बंद करून टाकू?"

"मावशी, ह्याच गोळीवर चार वर्षं तो कामावर जात होता," डॉ. लोपीस म्हणाले. "आता किडनी दुखावली म्हणून मी दुसरं औषध देतोय. पण देणं, बदलणं, थांबवणं, जे काही करायचं ते मला विचारून. महाराजांना नाही आणि शेजारणीला पण नाही." हे शेवटचं माझ्याकडे बघून. बरोबरच होतं, मी ऐकून घेतलं.

लिथियम घेणाऱ्याने मीठ एकदम तोडू नये, एकदम वाढवूही नये. पाणी पोटभर प्यावं. रक्त वेळेवर तपासावं. दुसरी कुठलीही गोळी, अगदी डोकेदुखीची असली तरी, विचारून घ्यावी. जुलाब, उलट्या, हात कापणं, झोक जाणं, काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे. ह्यात गूढ काही नाही, कुठलाही केमिस्ट सांगेल. विचारलं तर. आणि तुम्ही नाही विचारलंत, तर त्याने विचारायला हवं.

परवा सुमेधला भेटायला गेले होते. एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "मावशी, चौथ्या दिवसापासून मी आईला सांगत होतो. मळमळतंय, हात कापतात, डॉक्टरांकडे ने. ती महाराजाला विचारायची. तो म्हणायचा, सुमेध नाही बोलत, आतला बोलतोय."

मनोरमा दारात उभी राहून ऐकत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. लोकहो, आपल्या माणसाला काय होतंय ते तो स्वतः सांगत असतो. दुसऱ्या कोणाला कशाला विचारता?