आवाज वाढवायचं बटण

प्रेमराजचा रिमोट चालू करून देण्यात माझा परोपकार किती आणि खोडसाळपणा किती, ते आधीच सांगून टाकतो. पहिले आठ दिवस निव्वळ परोपकार होता. नवव्या दिवसापासूनचं मात्र बोलायची सोय नाही, पण आता बोलायला बसलोच आहे.

प्रेमराज माझा शेजारी. पाचोऱ्यात आमची दोन रो हाउस एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकलेली आहेत. तो एसटीत वाहतूक नियंत्रक होता, म्हणजे तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. माइक बिघडला तर नुसत्या तोंडाने पुकारायचा आणि जामनेरचे प्रवासी तरीही जामनेरच्याच गाडीत बसायचे. निवृत्तीनंतर त्याचे कान गेले. ही गोष्ट त्याला सोडून अख्ख्या कॉलनीला माहीत होती.

"मना कान चांगला शेतस," तो म्हणायचा. "लोकेच हळू बोलतस."

कानाचं मशीन हा शब्द काढला की दोन दिवस बोलणं बंद. मशीन म्हातारे लावतात, आणि हा तर अवघा सदुसष्ट वर्षांचा.

तर त्याचा तो रिमोट. सतरा-अठरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी जळगावला जाऊन दोन सारखेच रिमोट आणले होते. टीव्हीचे नव्हेत, कॉम्प्युटरचे. वीतभर लांब, काळे, मधे एक गोल चकती. ती दाबली की पडद्यावरचा बाण हलतो. कॉम्प्युटरला एक छोटी डबी जोडायची आणि पलंगावर लोळत हुकूम सोडायचे. रेडिओ लहरींवर चालणारे असल्यामुळे ते डबीच्या समोर धरावे लागत नसत, भिंतीपलीकडूनही चालत. माझा कॉम्प्युटर लवकरच गेला आणि रिमोट ड्रॉवरमध्ये पडून राहिला. प्रेमराजने आपला इतका वापरला, की आवाज वाढवायचं बटण दाबून दाबून मेलं.

या वर्षी त्याचा जुना कॉम्प्युटरही मेला. त्याचा मुलगा धुळ्याला राहतो, नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने नवा कॉम्प्युटर पाठवला, मोठ्या पडद्यासकट. प्रेमराजने सगळ्यात आधी डबी जोडली आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. माउस त्याला धरता येत नाही, कीबोर्ड तो खोक्यातून काढतही नाही. बायको सुलक्षणा सुनेच्या बाळंतपणाला धुळ्याला गेलेली. घरात एकटा माणूस, समोर एवढा मोठा पडदा, आणि तो चालवता येत नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

मी भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं कारकुनी केली आहे. अडलेलं प्रकरण दिसलं की माझे हात शिवशिवतात. रिमोटची जुनी सीडी माझ्याकडे जपून ठेवलेली होती. ती घातली, तर नव्या विंडोजने सांगितलं की या ड्रायव्हरवर सही नाही, सबब बसवता येणार नाही. मला एकदम कार्यालयात परत गेल्यासारखं वाटलं. बिनसहीचे कागद मी आयुष्यभर पुढे सरकवत आलो. दोन दिवस इंटरनेट चाळल्यावर वाट सापडली. कॉम्प्युटर सुरू होताना एक यादी आणायची, तिच्यातला सातवा आकडा दाबायचा, की सही न तपासता गाडी पुढे जाते. पण ही सवलत पुन्हा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतच. आणि आमच्याकडे वीज दिवसातून तीनदा जाते. म्हणजे दिवसातून तीनदा मी प्रेमराजच्या घरी जाऊन सात दाबत होतो.

पाचव्या दिवशी मी विंडोजला रामराम ठोकला आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी दुसरी प्रणाली बसवली. डबी जोडली आणि रिमोट चालला. सीडी नाही, सही नाही, काही नाही. कुणा भल्या माणसाने वीस वर्षांपूर्वी या डबीची सोय त्यात लिहून ठेवली होती आणि नंतर कुणी ती खोडली नव्हती. असे लोक आमच्या कार्यालयात का नव्हते, असं मनात आलं. उरलेले दिवस बटणं जुळवण्यात गेले. वाढवायचं बटण मेलेलंच असल्यामुळे मी आवाज पूर्ण शंभरावर नेऊन ठेवला आणि त्याला म्हणालो, "आता याला हात लावू नको, याच्यावर आवाज जातच नाही." त्याने मला भरीत-भाकरीचं जेवण दिलं. इथवर परोपकार.

दुसऱ्या दिवसापासून शंभरावरचा आवाज सुरू झाला. सकाळी बातम्या, दुपारी कुस्तीच्या दंगली, संध्याकाळी अहिराणी कॉमेडी. भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. माझी दुपारची झोप गेली, आणि ती मीच घालवलेली असल्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

त्याच दुपारी मी सहज माझा रिमोट ड्रॉवरमधून काढला. आपलाही चालतो का पाहू, म्हणून नवे सेल घातले आणि थांबवायचं बटण दाबलं. पलीकडची कुस्ती थांबली. पुन्हा दाबलं, सुरू झाली.

भानगड अशी होती. या रिमोटांना नंबर असतात, त्याचा चार, माझा नऊ. मूळच्या सीडीतला ड्रायव्हर नंबर पाहायचा आणि दुसऱ्याचं ऐकायचा नाही. लिनक्स मात्र येईल त्याचं ऐकत होतं. ते बंद करायची सोय होती, मला शोधायला पाच मिनिटं लागली असती. मी ती शोधली नाही.

एकदम कमी केलं असतं तर त्याला कळलं असतं. म्हणून रोज चार वाजता तो मागच्या दारी कढीपत्त्याला पाणी घालायला गेला की मी एकदाच बटण दाबायचो. शंभराचे पंच्याण्णव. दुसऱ्या दिवशी नव्वद. सातव्या दिवशी मी दोन तास गाढ झोपलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण हातात बटण आणि पलीकडे माणूस, असा अधिकार मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी साठावर आलो, पंचावन्नवर आलो, आणि पुढे एकेक दिवस सोडून थेट तिसापर्यंत.

प्रेमराज खुर्ची पुढे सरकवू लागला. येता-जाता खिडकीतून मला दिसायचं. आधी खुर्ची भिंतीपाशी असायची, मग खोलीच्या मधे आली, मग त्याचे गुडघे पडद्याच्या टेबलाला लागले. मला हसू आवरत नव्हतं. मग तो संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचा बंद झाला. पाय दुखतात म्हणाला. मला वाटलं, दुखत असतील.

तीन आठवडे झाले असतील. कमल, माझी बायको, दुपारी फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"सुलक्षणाबाईना फोन व्हता," ती म्हणाली. "प्रेमराजभाऊंनी तीन रविवार झाले, नातीले फोन करा नही. भाविका रोज इचारस. त्यास्ना घरात काही व्हयनं का, तुम्हले ठाऊक शे का?"

भाविका आठ वर्षांची. दर रविवारी सकाळी प्रेमराज तिला फोन करायचा आणि ते अर्ध्या पाचोऱ्याला ऐकू जायचं. मी कॅलेंडरकडे पाहू लागलो. पण बत्तीस वर्षांच्या संसारात माझं असं पाहणं कमलला चांगलं वाचता येतं. मी उशीखालून रिमोट काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

ती हसेल अशी माझी वेडी आशा होती. "म्हणजे त्या मानूसले वाटी ऱ्हायनं का तो ठार बहिरा व्हई ऱ्हायना," ती म्हणाली. "आनि तुम्ही घोरी ऱ्हायनात."

मला लाज वाटली. खरोखर वाटली. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, असं मी म्हणालो, आणि ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. मी भिंतीपाशी गेलो. पलीकडे अगदी बारीक आवाजात काहीतरी चालू होतं. मी वाढवायचं बटण धरून ठेवलं, थेट शंभरापर्यंत.

पलीकडे एकदम गर्जना झाली. खुर्ची पडल्याचा आवाज आला, प्रेमराज काहीतरी किंचाळला आणि मग सगळं शांत झालं.

"घे, केला पहिल्यासारखा," मी कमलला म्हणालो. "उद्यापासून एकही खूण कमी करणार नाही. झोप गेली तरी चालेल."

अर्ध्या मिनिटात दार वाजलं. प्रेमराज उभा होता. एका हातात त्याचा रिमोट, दुसरा हात उजव्या कानावर. त्याने हात काढला, तेव्हा कानामागे बसवलेलं तपकिरी रंगाचं मशीन दिसलं.

"एक खून म्हनजे कितला रे?" त्याने विचारलं.

मला कळलं, की माझं बोलणं भिंतीतून जसंच्या तसं पलीकडे गेलं होतं. तो कोर्टाचं काम आहे सांगून सकाळी जळगावला गेला होता, तो कानाच्या डॉक्टरकडे. मशीन लावून दोन तासही झाले नव्हते, आणि माझ्या पश्चात्तापाने त्याच्या कानाचा पडदा फाडायचाच बाकी ठेवला होता.

"पाच," मी म्हणालो.

तो आत येऊन बसला. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने फक्त रिमोट टेबलावर ठेवला.

"तुले लाज वाटनी नही का?" तो म्हणाला. "रोज थोडं थोडं कमी ऐकू येये. माले वाटनं, दिवाळीलोंग बठ्ठं ऐकनं बंद व्हई जाई. पोर फोनवर काय बोलस ते आधीच समजे नही, मी नुसता बरं बरं म्हने. आते तेबी ऐकू येवाव नही, म्हनीसन फोनच लावा नही."

मी हात जोडले. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"मंग आते फोन लावा की, भाऊ," कमल म्हणाली. "मशीन शे ना."

"दुपारपाईन मशीन लाईसन बसेल शे," तो म्हणाला आणि जमिनीकडे पाहायला लागला. "हिंमत व्हत नही. मशीन लाईसनबी तिनं बोलनं नही समजनं तं?"

मी त्याच्या खिशातून त्याचा फोन काढला, भाविकाचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो मशीनपाशी धरला, जरा दूर नेला, पुन्हा जवळ आणला. पलीकडून पोरीचा आवाज आला आणि तो ताठ बसला.

बराच वेळ ती एकटीच बोलत होती. बाळाचे डोळे, वर्गातली कोणीशी मैत्रीण, सायकलची चेन. एरवी तो दर वाक्याला "काय?" म्हणून ओरडायचा. आज एकदाही म्हणाला नाही. "मंग चेन कोनी बसाडी?" असं त्याने हळूच विचारलं, आणि उत्तर ऐकून स्वतःशीच हसला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, ते मी लपवत नाही.

मग ती मधेच थांबली. तिचा आवाज मला समोरच्या खुर्चीतही स्पष्ट आला.

"आबा, तुम्ही आज ओरडत का नाही? बरं नाही का तुम्हाला?"

प्रेमराजने फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी इतला वरडस का रे?"

"नाही रे," मी म्हणालो. "पोरं काहीही बोलतात."

स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेलेली कमल तोंडाला पदर लावून फसकन हसली. तेही त्याला ऐकू गेलं.