श्री. मैं बोल रिया हूं यांचा जाहीर सत्कार

इंदूरचा माणूस फोनवर नाव सांगत नाही. त्याला तो अपमान वाटतो. सांगायचं ते एवढंच: "हां भिया, मैं बोल रिया हूं." आता हा 'मैं' कोण, ते पलीकडच्यानं ओळखावं. नाही ओळखलं तर वर ऐकून घ्यावं, "अरे यार, भूल गए क्या?"

यशोधराबाई कधी विसरल्या नाहीत. एकोणीस वर्षं त्या मिलच्या टेलिफोन एक्सचेंजवर होत्या. वडील महूच्या पलटणीत वायरलेसवर होते, म्हणजे कानांची ही विद्या घरातलीच म्हणायची. आवाज एकदा कानात शिरला की माणूस पत्त्यासकट पक्का. पुढे मिलच्या गेटला कुलूप पडलं आणि इतकी मोठी विद्या घेऊन बाई रस्त्यावर आल्या. त्याच मिलमधले विणखात्याचे मास्तर प्रतापराव यांनी सुदामा नगरात कूलर बनवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि बाईंना फोनवर बसवलं. त्यालाही आता सात वर्षं झाली होती. ग्राहक तीनशे चाळीस. फोन वाजायचा, 'मैं' बोलायचा, आणि बाई चिठ्ठी लिहायच्या: छत्रीबाग, दुसरी गल्ली, पंप जळाला. चिठ्ठी तारेला टोचायची. झालं काम.

असं सरळ चाललेलं काही प्रतापरावांना बघवत नसे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आणि घोड्यावरून उतरायचं या घराण्यात कोणाला जमलंच नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा 'उदारीकरण' आणि 'कंप्युटर' होतं. शेजारच्या टाइल्सवाल्यानं कंप्युटर घेतला, बस्स! प्रतापरावांना झोप येईना.

"बाई, आता कॉन्टॅक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आणतोय," त्यांनी जाहीर केलं. "सगळे ग्राहक त्यात भरून द्या. मग पाडव्यापर्यंत या. पुढे मतलब... कंप्युटरच बघेल."

म्हणजे पाडव्यानंतर बाईंची नोकरी गेली. प्रीती, त्यांची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. आणि पंचेचाळिशी उलटलेल्या टेलिफोन ऑपरेटरला दुसरं काम देतंय कोण? आपल्या पोटावर पाय आणणारं यंत्र आपल्याच बोटांनी भरायचं, याचा त्यांना असा संताप आला की त्यांनी सकाळचा चहासुद्धा घेतला नाही.

सॉफ्टवेअर निवडायला तीन विक्रेते आले. प्रतापरावांची परीक्षा एकच होती. फोन वाजेपर्यंत थांबायचं, आणि वाजला की कंप्युटरनं ग्राहक शोधून दाखवायचा.

पहिल्याच्या कंप्युटरला आडनाव हवं होतं. फोनवरचा म्हणाला, "मैं बोल रिया हूं," आणि कंप्युटर अडला. गेला पहिला. दुसऱ्याला जन्मतारीख हवी होती. प्रतापराव भडकले, "कूलर दुरुस्त करायचाय, लगीन नाही जमवायचं!" गेला दुसरा.

तिसरा होता अशोक. कालपरवापर्यंत हा गृहस्थ टाइपरायटर विकत असे. टाइपरायटर कोणी घेईना तेव्हा टाय तोच ठेवून सॉफ्टवेअर विकायला लागला. तो म्हणाला, "साहेब, यात काहीपण भरा. हे कोणालाच नाही म्हणत नाही."

"असा माणूस पाहिजे!" प्रतापराव म्हणाले, आणि सौदा पक्का झाला.

बाईंनी तीन दिवस बसून खरी नावं, खरे पत्ते, फोन नंबर भरले. चौथ्या दिवशी प्रतापरावांनी स्वतः फोन उचलला. आवाज आला, "मैं बोल रिया हूं." त्यांनी एका बोटानं शोधाच्या चौकटीत 'मैं' टाइप केलं. कंप्युटर म्हणाला, असं कोणी नाही.

"कोणी नाही? अहो, बोलतोय ना तो! हा जिताजागता माणूस फोनवर बोंबलतोय आणि तुम्ही त्याचं नाव भलतंच लिहून ठेवलंय!"

"साहेब, ते अग्रवाल आहेत, नावाने भरलंय..."

"तो स्वतःला अग्रवाल म्हणाला? नाही ना? मग! ग्राहक जे म्हणेल तेच खरं. जसं बोलतात तसंच लिहा."

"सगळे तसंच बोलतात, साहेब."

"तर सगळे तसंच लिहा!"

आलिया भोगासी असावे सादर. बाईंनी तीनशे चाळीस नावं पुसली. पहिलं नाव: मैं. आडनाव: बोल रिया हूं. अशोकला विचारलं तर तो म्हणाला, "भरा हो ताई, सॉफ्टवेअरला काय, त्याच्या बापाचं काय जातंय?" आता 'मैं' टाइप केलं की ग्राहक सापडू लागला. एकाऐवजी सगळेच सापडत, पण प्रतापराव खूश झाले आणि फोन स्वतःच उचलू लागले. त्या खुशीत त्यांनी तारेच्या चिठ्ठ्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या.

मग एके दिवशी कंप्युटरनं प्रश्न टाकला: एकाच नावाच्या तीनशे चाळीस नोंदी आहेत, एक करू? अशोक म्हणाला, "करून टाका साहेब, जागा वाचेल." काटकसर म्हटली की प्रतापरावांचा हात थांबत नसे. त्यांनी बटण दाबलं आणि इंदुरातले तीनशे चाळीस ग्राहक एका क्षणात एक झाले.

पाडव्याच्या आठवडाभर आधी त्यांनी सर्वांत मोठ्या ग्राहकांची यादी छापून काढली. कागद हातात धरून ते उभेच राहिले.

"बाई! हे कोण? यांच्याकडे आपले तीनशे चाळीस कूलर आहेत! छत्रीबागेपासून सुदामा नगरापर्यंत घरं! एवढी मोठी असामी, आणि आपण त्यांना कधी साधा चहा विचारला नाही?"

"साहेब, तुम्हीच नाही का सगळ्यांना एक..."

"लाज वाटते मला! पाडव्याला जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ!"

बाईंनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग म्हटलं, घालू दे कपाळात. आपण तर त्याच दिवशी चाललोच आहोत.

कंप्युटरनं सगळ्या पत्त्यांवर निमंत्रणं छापली: 'आदरणीय श्री. मैं बोल रिया हूं जी, आपला सत्कार योजिला आहे.' आणि कमाल बघा, एकालाही पत्रात काही खटकलं नाही. ज्यानं त्यानं वाचलं आणि म्हटलं, चला, ओळखलं बाबा शेवटी आपल्याला.

पाडव्याला सकाळी मांडवात तीनशे चाळीस माणसं धुतलेले कपडे घालून आली. प्रतापरावांनी माइकवरून पुकारा केला, "सत्कारमूर्तींनी मंचावर यावं!" तीनशे चाळीस जण उठले. मांडवाचा एक खांब आडवा झाला.

"अहो, एकेक! आपण कोण?"

"मैं!"

"आणि आपण?"

"अरे भिया, मैं!"

शालीचं एक टोक एकाकडे, दुसरं तिसऱ्याकडेच. त्यातच तक्रारी सुरू झाल्या. ऊन चढायला लागलं होतं, कूलर बंद, आणि मेकॅनिक पंधरा दिवस एकाच 'मैं'चे तीनशे चाळीस पत्ते धुंडत फिरत होता. एकाचा पंप दुसऱ्याच्या कूलरला बसला होता. कोणीतरी श्रीफळ फोडून खायलाही सुरुवात केली.

यशोधराबाई कडेला पिशवी घेऊन उभ्या होत्या. डबा, चष्म्याची डबी, खुर्चीवरची उशी, सात वर्षांचा संसार एका पिशवीत मावला होता. भोगा म्हणावं आता! त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोला. तेवढ्यात गर्दीतून एक थकलेला आवाज आला, "घरात आजारी माणूस आहे हो, कूलर तेवढा..."

"मिलच्या बॉयलर खात्यातले पवार," बाई पाठ फिरवलेलीच ठेवून म्हणाल्या. "छत्रीबाग, नदीकडची गल्ली. मोटर गेली असणार, मागच्या साली पंप नवा बसवलाय."

आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मग रांग लागली. एकेक माणूस येई, "मैं" म्हणे, आणि बाई नाव, गल्ली, रोग सांगत. दुपारपर्यंत तीनशे चाळीस चिठ्ठ्या झाल्या. शाल घसरत घसरत शेवटी कोणाच्या अंगावर गेली ते कळलंच नाही.

प्रतापराव घाम पुसत आले. "बाई, उद्यापासून या. जुन्याच पगारावर. झालं गेलं विसरून जा."

बाई 'बरं' म्हणणारच होत्या. तोंडात आलं होतं. पण त्यांनी सत्काराला आलेल्या अशोककडे वळून विचारलं, "हे सॉफ्टवेअर बिघडलं तर तुमच्या कंपनीचा माणूस येतो ना?"

"येतो ना. सपोर्ट इंजिनिअर. साहेबांनी सालाना कॉन्ट्रॅक्ट केलंय."

"आहे का असा माणूस तुमच्याकडे?"

अशोकनं टाय सैल केला. त्याच्या कंपनीत त्याच्याशिवाय फक्त एक पंखा होता. "नाही," तो म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

सोमवारी यशोधराबाई त्याच दुकानात, त्याच फोनपाशी गेल्या, फक्त अशोकच्या कंपनीच्या म्हणून. प्रतापराव त्यांना येताना बघून उठून उभे राहिले. सात वर्षांत कधी 'बसा' न म्हटलेला हा माणूस म्हणाला, "या मॅडम, पोहे मागवू?" जुन्या पगारात वाढ मागितली की ज्यांना धाप लागायची, ते आता कंपनीला दुप्पट देत होते आणि शेजारच्या टाइल्सवाल्याला कौतुकानं सांगत होते, "आमच्याकडे इंजिनिअर बसतात, भिया." काम काय? फोन वाजला की ओळखायचं आणि चिठ्ठी लिहायची.

संध्याकाळी निघताना बाईंनी कंपनीचा कागद पुढे केला. रोज ग्राहकाची सही घ्यायची, असा नियम होता. प्रतापरावांनी खिशातून पेन काढलं, 'काम' या शब्दापुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'अति उत्तम', आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

बाई टेम्पोच्या स्टँडवर येऊन उभ्या राहिल्या आणि कागद उघडून पुन्हा वाचला. मिलची एकोणीस आणि इथली सात, सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, आणि असं लिहून कोणी दिलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं. टेम्पोवाला म्हणाला, "बैठो बाई, क्या हुआ?" त्यांनी डोळे पुसले आणि घरी जायला छत्रीबागेचं भाडं पुढे केलं.