केक आत असताना

मी एका बेकरीच्या भट्टीचं दार बोलतोय. जाड लोखंडाचं, काळं, दोन बिजागऱ्यांवर लटकलेलं. माझी एक बाजू आयुष्यभर विस्तवाकडे होती आणि दुसरी माणसांकडे. कुठली बाजू जास्त भाजली, ते मला विचारू नका.

मला एका लोहाराने घडवलं. बेकरीवाला त्याच्या डोक्यावर उभा राहून सारखा सांगत होता, "फट राहता कामा नये. दोरा जाईल एवढीसुद्धा नको."

लोहार वैतागला. म्हणाला, "भट्टीला दार करतोय का तिजोरीला?"

"तिजोरीतलं गेलेलं पुन्हा कमावता येतं," बेकरीवाला म्हणाला. "बसलेला केक पुन्हा फुगवता येत नाही."

लोहार हसला, पण त्याने मला नीट घडवलं. मी बसलो की वाऱ्याची झुळूकही आत जात नसे.

बेकरीवाल्याला दोन मुलगे. त्यांची आई लवकर गेली, म्हणून दोघं माझ्यासमोर, पिठाच्या पोत्यांवर वाढले. हिवाळ्यात माझ्या उबेला पाठ लावून झोपायचे. थोरला मितभाषी. मनातलं ओठावर येऊ द्यायचा नाही. धाकट्याला एका जागी बसवत नसे आणि गप्पही राहवत नसे. पुढे थोरला केक करायला शिकला आणि धाकटा पाई. पिठाच्या पारीत सफरचंदाच्या फोडी भरायच्या, वर पारीचंच झाकण घालायचं आणि कडा बोटांनी दाबून घ्यायच्या, ती पाई.

बापाने दोघांना आचेची शिस्त लावली होती. सकाळी लाकडं पेटवून भट्टी लाल करायची. निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि आधी पाव लावायचे. पाव निघाले तरी आच कडक असते. ती पाईची वेळ. पाई निघाली की वाट बघायची आणि तळावर मूठभर पीठ टाकायचं. ते काळं न पडता सावकाश बदामी झालं की केकची वेळ. केक आत गेला की मला कडी.

"केक आत असताना दाराला हात लावायचा नाही," बाप सांगायचा. "पाई बिचारी गरीब गाय आहे. दहादा दार उघडून बघितलंत तरी रुसत नाही. केकला मात्र गार वारा लागला की तो मधोमध बसतो."

धाकट्याला हे फार जड जायचं. त्याचा हात सारखा माझ्या मुठीकडे यायचा आणि बापाची चापट त्यावर बसायची.

केक चांगला की पाई चांगली, हा त्या घरातला रोजचा वाद. त्यात कडूपणा नव्हता तेव्हा.

"पाई म्हणजे काय रे," थोरला म्हणायचा, "शिवलेली पिशवी. आत काय कोंबलंय, कुणाला दिसतं?"

"आणि तुझा केक म्हणजे स्पंज, दादा. गोड आहे म्हणून खायचा, नाहीतर त्याने भांडी घासायची."

पोस्टमन पत्रं टाकायला आला की दोघं त्याच्यापुढे एकेक तुकडा धरायचे. तो दोन्ही खायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "अजून नक्की सांगता येत नाही. उद्या पुन्हा बघू."

"अहो, तुम्ही निवाडा करताय की नाश्ता?" धाकटा विचारायचा.

एवढं सगळं सुखाचं होतं. मग बाप गेला. थोरल्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि त्या मुलीची आईही फार दिवस राहिली नाही. धाकट्याने लग्न केलंच नाही. ती पोर काकाच्याच अंगाखांद्यावर खेळली. तो तिच्यासाठी उरलेल्या पारीची चिमणी कापायचा आणि पाईच्या झाकणावर चिकटवायचा. ती आधी चिमणी खायची, मग पाई.

तिचं लग्न ठरलं तेव्हा थोरल्याने सांगून टाकलं, "केक मी करणार. तीन मजली. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

त्याच दिवशी, तो बाहेर गेल्यावर, मुलगी माझ्यासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "काका, मला त्या दिवशी तुझी पाई पण हवी. छोटीशी. चिमणीवाली. पण बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल, मला त्यांचा केक नको आहे."

"चिमणीच कशाला, थवा करतो," धाकटा म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाईच्या वेळेला थोरला भट्टीपासून हललाच नाही. धाकट्याला त्याच्या देखत पाई लावता येईना. शेवटी तिन्ही केक आत गेले, मला कडी लागली आणि थोरला मागच्या खोलीत साय घोटायला गेला. तेव्हा धाकटा फडक्याखाली झाकलेली पाई घेऊन आला. काकाचं प्रेम, दुसरं काही नाही. तो स्वतःशीच पुटपुटला, "एकच तर आहे. पटकन मागे सरकवतो."

मी त्या दिवशी जमेल तितका जड झालो. बिजागऱ्या करकरल्या. पण दार ते दार. ओढलं की उघडावं लागतं.

गार वारा माझ्या अंगावरून आत गेला. तिन्ही केकची पोटं माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली.

बिजागऱ्यांचा आवाज ऐकून थोरला धावत आला. त्याने आत पाहिलं, मग भावाच्या हातातल्या पाईकडे पाहिलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जन्मभर पाईची थट्टा केली तुझ्या," तो म्हणाला. "त्याचं उट्टं माझ्या पोरीच्या लग्नात काढलंस?"

"दादा, तसं नाही रे..."

"मग कसं?"

 पोरीचं नाव धाकट्याने घेतलं नाही. बापलेकीत लग्नाच्या आदल्या दिवशी वाकडं नको, एवढंच त्याच्या मनात असणार. आयुष्यभर बोलणारा माणूस नेमका तेव्हा गप्प बसला.

"माझा केक आत असताना या दाराला हात लावायचा नाही," थोरला म्हणाला. "पुन्हा कधीही नाही."

धाकट्याने पाई टेबलावर ठेवली, अंगातला ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि तो गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला बिस्किटांचा कारखाना होता. तिथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या बिस्किटांतली तुटकी वेचायचं काम त्याला मिळालं. लग्नाला केक बाहेरून आणला. चिमणीची पाई कुणी खाल्ली नाही. ती टेबलावरच शिळी झाली.

त्यानंतरचं सांगतो ते फक्त मी आणि ती मुलगी जाणतो.

थोरला एकटाच भट्टी चालवू लागला. पाव निघाले की तो मला बंद करायचा आणि स्टूल घेऊन समोर बसायचा. आत कडक आच असायची. त्यात नानकटाई लावता आली असती, टोस्ट लावता आले असते. तो काहीच लावायचा नाही. पाईची वेळ रिकामी जाऊ द्यायचा. आच उतरली की पीठ टाकून बघायचा आणि मग केक. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. माझ्या आत ती आच फुकट जळायची आणि बाहेर तो बसलेला असायचा. किती वेळा मला वाटलं, उठ बाबा, बस पकड आणि त्याला घेऊन ये. पण त्याचा जोर मला ओढण्यापुरताच होता.

पुढे पिठाने त्याची छाती धरली. डॉक्टरांनी पीठ सोडायला सांगितलं. त्याने तोंडाला फडकं बांधलं. फडक्यातून खोकला मला ऐकू यायचा. एका सकाळी भट्टी पेटलीच नाही.

थोरल्याला पुरून आल्यावर लोक घरी बसायला येणार होते. मुलीने काकाला आणलं होतं. तो फार वाकला होता. खुंटीवर त्याचा ॲप्रन तसाच होता. कुणीतरी तो वेळोवेळी धुतला होता, हे त्याच्या पांढरेपणावरून दिसत होतं. त्याने तो अंगात घातला आणि भट्टी पेटवली.

पाव निघाल्यावर त्याने विचारलं, "आता दादा काय लावायचा?"

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामीच ठेवायचे. मी म्हणायचे, बाबा, काहीतरी लावा, लाकूड फुकट जातंय. तर म्हणायचे, ही वेळ माझी नाही."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला.

"काका, मी त्यांना सगळं सांगितलं होतं रे. पाई मीच मागितली होती म्हणून. ते म्हणाले, आता कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?"

"मग मला का नाही कळवलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती."

त्याने फडकं घेऊन टेबलावरचं पीठ पुसलं. मग ती म्हणाली, "पाई कर ना आज."

"नको. आज त्याचा केक."

त्याने आच उतरू दिली, पीठ टाकून पाहिलं, केक लावला आणि मला कडी घातली. भावाच्या स्टुलावर बसला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. ज्या हातांना लहानपणी चापटा बसत होत्या, ते हात आज हललेच नाहीत.

केक फुगला. केक झाला. मला आतून कळत होतं. मग कडा तपकिरी झाल्या, मग काळ्या. मी मनातून ओरडत होतो, आता उघड रे, आता उघडायचं असतं. तो बसून राहिला.

मुलगी धावत आली. "काका, जळतोय! दार उघड!"

"त्याने सांगितलंय," तो म्हणाला. "हात लावायचा नाही."

शेवटी तिनेच पदराने माझी कडी धरली. धूर बाहेर आला. काळी पाठ खरवडून तिने आतला तुकडा लोकांना दिला. म्हातारा पोस्टमनही आला होता. त्याने तो खाल्ला, मिशा पुसल्या आणि तो काहीच बोलला नाही.

आता भट्टी थंड आहे. जागा इस्त्रीवाल्याला दिली आहे. उद्या गवंडी विटा फोडतील आणि मी भंगारात वजनावर जाईन. धाकटा परवा येऊन गेला. माझ्या मुठीला त्याने हात लावला, ओढलं मात्र नाही.

केक चांगला की पाई, मला विचारू नका. मी दोन्हींचा नुसता वास घेतला. दोन्ही माझ्याच पाठीमागे भाजले गेले आणि दोन्हींना खाणारी माणसं होती.

जाता जाता एवढंच सांगतो. मी लोखंड आहे. मला आपणहून उघडता येत नाही, कुणीतरी ओढावं लागतं. तुमचं तसं नाही.