परत आलेला जीव

रविवारी त्या घरात भाताची दोन पातेली चढत. मोठं कुत्र्यांचं, लहान माणसांचं.

सर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. गेली बारा वर्षं ते रस्त्यावरची जखमी आणि टाकून दिलेली कुत्री उचलून आणत, बरी करत आणि चांगलं घर पाहून दत्तक देत. त्यांची संस्था म्हणजे अंगण, पत्र्याची शेड, आठ-दहा हौशी माणसं आणि सरांची बायको. यातला शेवटचा तपशील पत्रकावर नव्हता. बायकोला सगळे काकू म्हणत. अंगणाला एकामागे एक दोन फाटकं होती. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर कुत्री पळतात. आतल्या फाटकाची कडी फक्त अंगणातूनच निघे.

त्या रविवारी काकूंनी लहान पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त घातले. लेक शुक्रवारी आली होती. सासरची माणसं कामावर जाताना तिला बाहेरून कुलूप लावून जात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. फोन नवऱ्याच्या खिशात. शुक्रवारी नळ फुटला, सासूला रजा काढावी लागली आणि ती प्लंबरवर नजर ठेवत मोरीच्या दारात उभी असताना घराचं दार उघडं राहिलं. लेक घरातल्या सपातांवरच निघाली.

"चार दिवस राहा," सर म्हणाले होते. "मग सोडतो तुला."

"बाबा, ते कुलूप लावतात."

"काळजीपोटी लावत असतील. चोऱ्या काय कमी वाढल्यात?"

दहा वाजता माणसं येऊ लागली. नोंदी लिहिणारी मुलगी आजारी होती, म्हणून लेकीला वहीपाशी बसवलं. पहिलंच जोडपं नीटनेटकं होतं. सरांनी फॉर्ममधला प्रश्न विचारला, "दिवसातून किती तास कोंडून राहील?"

"सहा. पण गॅलरीत. हवेशीर आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "सहा तास? अहो, त्याला मन असतं. माणूस वेडा होईल अशानं."

जोडपं ओशाळून गेलं. लेकीनं लिहिलं, 'अर्ज नामंजूर. कारण, कोंडणे.' अक्षर सुरेख होतं. सरांनीच वळण लावलं होतं.

दुपारी एक गृहस्थ आले. बुधवारी त्यांनी आपलं तपकिरी कुत्रं परत आणून सोडलं होतं. अंगावर काठीचे वळ होते.

"रागाच्या भरात झालं सर. आता घर खायला उठतं. द्या परत."

सरांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला शेवटचा नियम मोठ्यानं वाचला. "परत आलेला जीव त्याच घरी पुन्हा दिला जाणार नाही."

"आम्ही बदललोय हो."

"बदलला असाल. पण ते तपासायला त्याचा जीव पणाला लावायचा नाही."

काकूंचा डाव पातेल्यात थांबला. हा नियम कुठून आला ते त्यांना माहीत होतं. सात वर्षांपूर्वी अशीच एक लंगडी पांढरी कुत्री रडून-भेकून माफी मागणाऱ्यांना परत दिली होती. अकराव्या दिवशी तिला जुन्या चादरीत गुंडाळून पुरलं ते काकूंनी. सर दोन दिवस जेवले नव्हते.

आणि लेक मागच्या वर्षीही आली होती. तेव्हा तिची बॅग काकूंनीच भरली होती. दोन टॉवेल जास्त घातले होते, जणू तिथे टॉवेलच कमी पडत होते.

पाच वाजता बाहेर गाडी थांबली.

"मीच फोन केला," सर कुणाकडे न बघता म्हणाले, आणि आतलं फाटक ओलांडून जावयाच्या स्वागताला गेले.

"चुकलं बाबा," जावई बाहेरच्या फाटकावर हात ठेवून म्हणाला. "आता कुलूप नाही लावणार. आईनं नोकरीच सोडलीय. दिवसभर घरीच असेल, हिच्याकडे बघायला."

"बघा, किती समजूतदारपणा. अगं, तिची बॅग आण."

लेक वहीपाशीच बसली होती. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

काकू आल्या. त्यांनी तिच्यासमोरची वही उचलली, आतलं फाटक ओढून कडी घातली आणि वही गजांतून सरांच्या हाती दिली.

"मागच्या वेळी बॅग आणली होती. आता हे घ्या. शेवटचा नियम वाचून दाखवा यांना. दुपारी वाचलात तसाच."

"अगं, ते जनावरांसाठी आहे."

"हो ना. म्हणून तर पाळलं जातं."

"आई, मी काही फॉर्म भरायला आलो नाही," जावई म्हणाला.

"ठाऊक आहे. लग्नाच्या वेळीही तुमच्याकडून कुणी भरून घेतला नव्हता."

सर दोन फाटकांच्या मधे उभे होते. त्यांनी बाहेर पाहिलं, मग आत. तपकिरी कुत्रं लेकीच्या पायाशी येऊन बसलं होतं.

"कडी काढ. लोक बघतायत."

"वाचलंत की काढते."

सरांनी पुठ्ठा उघडला. अक्षर त्यांचंच होतं. "परत आलेला..." तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज पुठ्ठ्याच्या कडेलाच अडला.

"मोठ्यानं, बाबा," लेक आतून म्हणाली. "इथवर ऐकू येत नाही."